कॅम्पर व्हॅन घरच्या प्लगला जोडली की आरसीसीबी पडतो: दोष शोधायचा कसा

कॅम्पर व्हॅन अंगणात लावली, वायर पडवीतल्या पॉवर प्लगला जोडली, बटण दाबलं की अख्ख्या घराची लाईट जाते. खटका वर केला की पुन्हा तेच. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की तीच गाडी आदल्या मुक्कामी रात्रभर एसी लावून विनातक्रार चाललेली असते. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण मुक्कामाची वीज अजूनही बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटमधून घ्यावी लागते. मामाचं घर, मित्राचं फार्महाउस, कोकणातला होमस्टे. तिथलं सॉकेट इस्त्री, मिक्सर किंवा पाण्याच्या मोटारीचा विचार करून बसवलेलं असतं.

अशा वेळी आजूबाजूचं कुणीतरी हमखास एक उपाय सुचवतं: प्लगमधली अर्थिंगची वायर काढून टाका, ट्रिप होणार नाही. आणि खरंच होत नाही. म्हणूनच हा उपाय इतका पसरला आहे. पण गाडी रबरी टायरांवर उभी असते. अर्थिंग काढलं की गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाट उरत नाही, आरसीसीबीला, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणाऱ्या खटक्याला, काही कळत नाही, आणि गाडीचा पत्रा तो व्होल्टेज धरून बसतो. ओल्या अंगणातून अनवाणी येऊन दाराच्या हँडलला हात लावणारं पहिलं माणूस ती वाट होतं. ते बहुधा लहान मूल असतं. कृपा करून अर्थिंगची पिन कापू नका, कुणाला कापू देऊ नका.

ज्या घरात आरसीसीबी पडतो, ते घर बहुधा नीट आहे. काल जिथे गाडी बिनबोभाट चालली, तिथे आरसीसीबी नसेल किंवा अर्थिंगच नसेल. गळती कालही होतीच.

आधी बघा, पडलं काय

डीबी, म्हणजे घरातली खटक्यांची पेटी, उघडा आणि कोणता खटका खाली आला ते पाहा. एमसीबी पडला असेल तर प्रश्न जास्त लोडचा किंवा शॉर्टचा आहे. आरसीसीबी रुंद असतो, त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं टेस्ट बटण असतं. तो पडला असेल तर प्रश्न गळतीचा किंवा न्यूट्रलचा. दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओही मिळतो आणि त्याच्यावरही 'टी'चं बटण असतं, म्हणून खटक्यावरची अक्षरं वाचून घ्या. दोन्ही दोषांच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. इथे गल्लत झाली की माणूस दिवसभर चुकीच्या टोकाला शोधत राहतो.

एमसीबीचं लवकर उरकतं. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३६८० वॅट मिळतात. इंडक्शन शेगडी २००० वॅटवर, किटली १५०० वॅटची, वर बॅटरीचा चार्जर ५०० वॅट, म्हणजे मर्यादा ओलांडली. बटण दाबताक्षणी पडला तर शॉर्ट असेल किंवा एसीच्या कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट खेचतो. वीस-पंचवीस मिनिटांनी पडला तर जास्त लोड. चार्जरचा करंट सेटिंगमधून कमी करा, स्वयंपाक होईपर्यंत एसी बंद ठेवा. मोठ्या पिनेचा प्लग छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवायला दुकानात एक कन्व्हर्टर पिन मिळते, ती गाडीत ठेवूच नका. तिने प्लग बसतो, पण भिंतीतली वायर दीडची किंवा एकचीच (म्हणजे तितक्या चौरस मिलिमीटर जाडीची) राहते.

आरसीसीबी पडतो तेव्हा

आरसीसीबीचं काम एकच: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे पाहणं. फरक ३० मिलिअँपिअरला पोचला की तो पडलाच पाहिजे. पण मानकानुसार तो १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. हा १५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली पायरी, गाडी बाजूला ठेवा. एक चांगली इस्त्री घ्या, आधी दुसऱ्या सॉकेटवर चालवून पाहा, मग तीच त्या पडवीतल्या सॉकेटला लावा. इस्त्रीनेही आरसीसीबी पडला तर दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे. बहुतेक वेळा कारण उसन्या न्यूट्रलचं असतं: सॉकेटचा फेज आरसीसीबीतून आलेला, पण न्यूट्रल जवळ सापडला तिथून घेतलेला. घरात नंतर इन्व्हर्टर बसवला असेल तर हे फार वेळा सापडतं, कारण इन्व्हर्टरची लाईन ओढताना न्यूट्रल एकत्र केलेले असतात. अशा सॉकेटवर हलका लोड चालून जातो, त्यामुळे घरच्यांच्या कधी लक्षात आलेलं नसतं. हे काम वायरमनचं. तोवर दुसरं सॉकेट शोधा.

इस्त्री नीट चालली तर दुसरी पायरी: नुसती केबल लावा, गाडीकडचं टोक मोकळं ठेवून. पडला तर दोष केबलमध्ये किंवा कपलरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडात. पावसात गवतात पडलेला निळा इंडस्ट्रियल कपलर आतून ओला होतो. बाहेरून पुसला की कोरडा वाटतो, आतलं पाणी तसंच असतं. उघडून वाळवावा लागतो.

तिसरी पायरी महत्त्वाची आहे. केबल गाडीला जोडा, पण गाडीचा मेन बंद ठेवा. तरीही आरसीसीबी पडतो? मेन बंद असताना गळती कुठून, असा प्रश्न पडेल. उत्तर असं की तुमचा मेन एकेरी, म्हणजे सिंगल पोल एमसीबी असेल तर तो फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि गाडीत कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटलेले असतील, तर घरातल्या इतर उपकरणांचा न्यूट्रलमधला थोडा करंट गाडीच्या अर्थमधून परत जाऊ लागतो. घरात कुणी मिक्सर लावला की गाडीमुळे आरसीसीबी पडतो, तो असा.

हे दोन्ही चिकटतात कसे? गाडी स्वतःच्या इन्व्हर्टरवर चालते तेव्हा न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असणं बरोबरच आहे. नाहीतर गाडीतला आरसीसीबी काम करणार नाही. गाड्यांसाठी बनवलेल्या चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये त्यासाठी रिले असतो: बॅटरीवर असताना तो ही जोडणी करतो, बाहेरची वीज आली की तोडतो. पण घरगुती इन्व्हर्टर बसवलेल्या गाड्यांत कायमची तार टाकून ही जोडणी केलेली आढळते. बॅटरीवर सगळं छान चालतं, आरसीसीबी असलेल्या घरी आलं की पडतं.

तपासायला सोपं आहे. गाडीची केबल भिंतीतून पूर्ण काढा, इन्व्हर्टर बंद करा, गाडीचा मेन चालू करा आणि प्लगच्या न्यूट्रल व अर्थ पिनांमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा. वाचन उघडं, म्हणजे जोडणी नसल्यासारखं यायला हवं, निदान मेगओहममध्ये. दोन-चार ओहम आले तर जोडणी आहे, ती शोधून काढा. इन्व्हर्टरच्या पलीकडची बाजू मात्र वेगळी मोजावी लागते, कारण बंद इन्व्हर्टरचा आतला रिले उघडा असू शकतो आणि मग पलीकडचं काही दिसत नाही. आणि गाडीचा मेन दुहेरी, डबल पोलच बसवून घ्या. हा बदल स्वस्त आहे आणि पुढच्या सगळ्या शोधाशोधीत उपयोगी पडतो.

मेन बंद असताना टिकला आणि चालू करून एकेक उपकरण लावताना पडला, तर चौथी पायरी आपोआप झाली. पहिला संशय पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर घ्या. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर भरलेली असते आणि ती हवेतला ओलावा शोषते. पावसाळाभर गाडी उभी राहिली की गीझरचा एलिमेंट गळू लागतो. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) एलिमेंट आणि अर्थमधला रेझिस्टन्स एक मेगओहमच्या खाली आला तर तो वाळवावा किंवा बदलावा. एलिमेंटच्या वायरी मोकळ्या करूनच मेगर लावा. चार्जर किंवा एसीचं इलेक्ट्रॉनिक्स जोडलेलं असताना ५०० व्होल्ट सोडले तर तेच जळेल.

आता सगळ्यात त्रासदायक प्रकार. एकही उपकरण खराब नाही, प्रत्येक सुटं लावलं तर चालतं, सगळी मिळून पडतात. इथे दोष एकाचा नसतो, बेरजेचा असतो. चार्जर, इंडक्शन, इन्व्हर्टर एसी, लॅपटॉपचा ॲडॅप्टर, या सगळ्यांत फिल्टर असतो आणि तो ठरवूनच थोडासा करंट अर्थमध्ये सोडतो. प्रत्येकी एखाद-दोन मिलिअँपिअर धरा. गाडीचे झाले सहा-सात. घराला एकच आरसीसीबी असेल तर त्याच्यावर फ्रिज, वॉशिंग मशीन आणि विहिरीवरची मोटारही आहे. पावसाळ्यात त्यांचेही आठ-दहा होऊ शकतात. बेरीज १५ च्या पुढे गेली. घरमालक म्हणतो गाडी खराब, गाडीवाला म्हणतो घर खराब, आणि दोघांचंही आपापल्या जागी खरं असतं. गळती मोजणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र धरला की बाहेर जाणारा फरक थेट मिलिअँपिअरमध्ये दिसतो. एकदा गाडी काढून, एकदा लावून मोजा. वाद मिटतो.

उपाय म्हणजे गाडीसाठी वेगळी लाईन आणि तिला वेगळा आरसीबीओ. ते होईपर्यंत मोटार चालू असताना गाडीचा गीझर नको, असं वाटून घ्यावं लागेल. मोठ्या आकड्याचा, १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून ट्रिप टाळायचा सल्ला मात्र मानू नका. ते आगीपासून रक्षणासाठी असतात, माणसासाठी ३० च.

काही पडत नाही, पण पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात

ही तक्रार लोक हसून सोडून देतात. सोडू नका. दाराला टेस्टर लावला आणि तो मंद पेटला, तर घराच्या सॉकेटमध्ये अर्थिंग नाही असं समजा. चार्जरच्या फिल्टरमधले कपॅसिटर अशा वेळी पत्र्यावर साधारण निम्मं, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट आणून ठेवतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या. पण उद्या आत एखादी फेजची वायर घासून पत्र्याला टेकली तर हाताला पहिल्या क्षणी जाणवेल ते पूर्ण २३०. लगेच प्लग काढा.

सॉकेट मल्टिमीटरने तपासा. समोरून पाहताना मोठं भोक वर, ते अर्थ. उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज डावीकडे निघाला तर उलटं जोडलंय, आणि गाडीतली एकेरी बटणं न्यूट्रल तोडत आहेत. बंद केलेलं उपकरणही आतून जिवंत आहे. एक गोष्ट विशेष पाहा: लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य येत असेल, तर आनंद मानू नका. कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तुकडा टाकलेला असण्याची शक्यता आहे. पुढे कुठे न्यूट्रल तुटला की गाडीचा अख्खा पत्रा फेज होतो. बोर्ड उघडून खात्री होईपर्यंत त्या सॉकेटला गाडी लावू नका.

मल्टिमीटरच्या चांगल्या आकड्यांवरही पूर्ण विसंबता येत नाही. तो इतका थोडा करंट घेतो की गंजलेली, तुटायला आलेली अर्थिंगची तारही त्याला ठीक दिसते. खरी परीक्षा अर्थ लूप टेस्टरने होते; चांगल्या वायरमनकडे तो असतो.

कोकणात एक अडचण जास्तीची. जांभा दगड. एप्रिल-मे महिन्यात कातळावरची जमीन इतकी कोरडी होते की पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. आणि आपल्या गाड्या तिथे जातात नेमक्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. तिथे काहीजण गाडीजवळ स्वतःचा लोखंडी रॉड ठोकतात. कल्पना वाईट नाही, पण तिचा हिशेब समजून घ्या. रॉडचा रेझिस्टन्स ५० ओहम आला, तर पत्र्याला फेज लागल्यावर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने कधीच पडणार नाही, आणि पत्रा तसाच जिवंत राहील. आरसीसीबी असेल तर मात्र ४.६ अँपिअर म्हणजे त्याच्या मर्यादेच्या दीडशेपट. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडेल. रॉड ५०० ओहमचा असला तरी ०.४६ अँपिअर जातो, तेवढाही आरसीसीबीला भरपूर. म्हणजे कोरड्या जांभ्यात जीव वाचवतो तो आरसीसीबी, रॉड त्याला फक्त वाट देतो. आरसीसीबीशिवाय नुसता रॉड ठोकून निर्धास्त झोपू नये.

अनेक जुन्या घरांत अजून किटकॅट फ्यूजच आहेत, आरसीसीबीचा पत्ता नाही. म्हणून एक छोटी पेटी स्वतःची बाळगा: पाणी न शिरणारा डबा, त्यात १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा दुहेरी आरसीबीओ, शक्य असेल तर 'ए' टाइपचा, कारण चार्जर आणि इंडक्शनमधून येणाऱ्या डीसी मिश्रित गळतीला जुना 'एसी' टाइप नीट ओळखत नाही. ही पेटी घराकडच्या टोकाला लावायची, गाडीकडे नाही. अंगणात पडलेली केबलसुद्धा तिच्या रक्षणाखाली आली पाहिजे. बैल, कुत्रं, विळी, फावडं, काय लागेल सांगता येत नाही. घराला आधीच आरसीसीबी असेल तर दोन्ही ३० चेच असल्याने आधी कोणता पडेल याचा नेम नाही. तो दोष समजू नका.

रात्रभर जोडूनही सकाळी बॅटरी रिकामी

इथे काही पडत नाही, शॉक नाही, फक्त वीज पोचत नाही. संध्याकाळी सात ते दहा लाईनच्या शेवटच्या टोकाच्या गावात व्होल्टेज १८० च्या खाली येऊ शकतं. बहुतेक इन्व्हर्टरना दोन खिडक्या असतात: 'यूपीएस' मोडमध्ये साधारण १८० ते २६० व्होल्ट, रुंद मोडमध्ये साधारण १०० ते २९०. यूपीएस मोडवर असलेला इन्व्हर्टर १७५ व्होल्टला बाहेरची वीज नाकारतो आणि गाडी बॅटरीवर टाकतो. मग लोड सुटल्याने व्होल्टेज चढतं, तो पुन्हा बाहेरच्या विजेवर येतो, पुन्हा उतरतं. रात्रभर रिलेचा टकटक आवाज येत असेल तर हेच चाललंय. चार्जिंगचा करंट निम्मा करा आणि मोड बदला. एसी मात्र त्या व्होल्टेजवर चालवू नका. कॉम्प्रेसर अडकून तापतो.

यात आपली केबलही भर घालते. ३० मीटरच्या दीडच्या केबलमधून १३ अँपिअर खेचले तर जाताना-येताना मिळून सुमारे १० व्होल्ट केबलमध्येच जातात. अडीचच्या केबलमध्ये ६, चारच्या केबलमध्ये ४. जिथे मुळात १८५ येतात तिथे दीडऐवजी चारच्या केबलने वाचणारे हे सहा व्होल्ट म्हणजे एसी चालणं आणि न चालणं यातला फरक आहे. केबल रीळवर गुंडाळलेली ठेवून लोड देऊ नका, ती आत तापून वितळते, पूर्ण उलगडा. एकाला एक जोडलेले एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. प्लग लावून अर्ध्या तासाने त्याला हात लावून बघायची सवय ठेवा. कोमट चालेल, चटका बसला किंवा सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसला तर आतली पत्ती सैल झाली आहे, ते सॉकेट बदलल्याशिवाय वापरू नये.

आणि एक विचारून घ्या: हे सॉकेट घरच्या इन्व्हर्टरवर तर नाही ना? लाईट गेली की तुमचा चार्जर त्यांच्या बॅटरीतून तुमची बॅटरी भरू लागतो, आणि तासाभरात त्यांच्या घरात पंखेही बंद.

वर्षातून दोन-तीनदा त्याच घरी गाडी लावायची असेल, तर यजमानांच्या संमतीने एक कायमची सोय करून घेणं सगळ्यात चांगलं. बिलावर मंजूर भार किती किलोवॅट आहे ते आधी पाहा. एक किलोवॅटच्या जोडणीवर एसी लावायचा हट्ट धरू नये, भार वाढवून घ्यावा. मग डीबीपासून गाडीच्या जागेपर्यंत चारची वेगळी लाईन, तिला स्वतःचा आरसीबीओ, टोकाला निळं १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट, जमिनीपासून कंबरेइतकं वर, पन्हळीचं पाणी पडणार नाही अशा बाजूला. अर्थिंगचा खड्डा मागील दारी न्हाणीचं पाणी जिथे केळीला किंवा माडाच्या आळ्यात सोडलंय त्याच्या जवळ घ्यायला सांगा, म्हणजे मे महिन्यातही तिथली माती ओली राहील. खर्च तुम्ही करा, वायरमन मात्र त्यांच्या ओळखीचा, परवानाधारक बोलवा. पुढे काही बिघडलं तर तोच येणार आहे. काम झालं की आरसीबीओचं 'टी' बटण दाबून तो पडतो ना, ते घरातल्या मोठ्यांना दाखवा, आणि दर महिन्याला एकदा ते दाबून बघायला सांगा.